पडीक जागेची बाग करताय? पेव्हिंग ब्लॉक उतरवण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा लागला की माझा फोन वाजायला लागतो. "निधी पडलाय, मार्चच्या आत खर्ची टाकायचाय, तेवढं एक ड्रॉइंग द्या की." जागा कुठली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. तालमीच्या मागची. नाल्याकडंची. जुन्या कोंडाळ्याची, म्हणजे कचरा टाकायच्या जागेची. गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या अशाच तुकड्यांवर बागा आखायचं काम करतोय. दोन गुंठे, तीन गुंठे, कधी नुसता बोळ जिथं जरा रुंद होतो तेवढंच. त्यातल्या बऱ्याच बागा आज परत कोंडाळ्याच्या वाटेला लागल्यात, आणि त्यात माझ्या हातच्याही आहेत.

केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरा म्हणून सांगितलंय. आमच्या पेठांत तेवढ्यात एक संसार मावतो. म्हणून जो तुकडा हाताला लागतो तो वाया घालवू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. नवीन पोरं कॉलेजातून येतात, मोबाईलवर परदेशातल्या बागांचे फोटो दाखवतात आणि आठवड्यात थ्री-डी करून देतात. थ्री-डीत कधी पाऊस पडत नाही.

मार्चमध्ये जागा बघून ड्रॉइंग करणं

माझ्या मते निम्मी कामं इथंच बिघडतात, आणि हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय.

एका जुन्या पेठेत तीन गुंठ्यांचा तुकडा होता. रस्त्यापेक्षा हातभर खाली. मार्चमध्ये गेलो तेव्हा काळी माती भेगाळलेली, कोपऱ्यात चार म्हशी बांधलेल्या, एका अंगाला प्लॅस्टिकचा ढीग. मी तेव्हा नवा होतो. मधोमध कारंजं, त्याभोवती गोल वाट, चार इंच काँक्रीटवर लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक आणि सगळीकडून नऊ इंच उंच काठ. ड्रॉइंग बघून सगळे खूश. फक्त म्हशीवाले मामा म्हणाले, "साहेब, जूनला आम्ही म्हशी हलवतोय हितनं. तुम्ही कारंजं कुठं हलवणार?" मला वाटलं, जागा सुटतेय म्हणून म्हातारा कुरकुरतोय. हसून सोडून दिलं.

जुलैत पाऊस लागला. पाणी नुसतं वरून आलं नाही, गटरातून उलटं आलं. दुसऱ्या दिवशी कारंज्याचं फक्त तोंड दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे, आधी जे पाणी त्या खड्ड्यात येऊन पसरायचं ते माझ्या नऊ इंची काठाला अडून शेजारच्या घरात शिरलं. त्या घरातल्या आक्कांचा सकाळी सातला फोन. "या की बघायला. तुमची बाग आमच्या चुलीपाशी आलीया." मी गेलो. त्या स्टुलावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, आणि स्टोव्ह कपाटावर ठेवला होता. त्या मला काहीही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. तो चहा अजून घशात आहे.

भर पावसात दोन गवंडी घेऊन तीन ठिकाणी काठ फोडला. पुढच्या वर्षी कारंजं काढलं, काँक्रीट उखडलं आणि मधला भाग आणखी दीड फूट खाली नेला. कडेनं काळ्या दगडाच्या पायऱ्या, तळाला मुरूम आणि वाळू. पावसाळ्यात ते तळं होतं, एरवी पोरं त्यात गोट्या खेळतात आणि बायका पायऱ्यांवर लसूण सोलत बसतात. जागेला जे करायचं होतं तेच तिला करू दिलं, एवढंच.

कोल्हापुरात तरी ही चूक होऊ नये. हे तळ्यांचं गाव आहे. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, कपिलतीर्थ मार्केटच्या जागी कपिलतीर्थ. तळी बुजवली तरी उतार तिकडंच राहिलाय, म्हणून गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचलं की मला नवल वाटत नाही. जागेच्या नावात तीर्थ, तळं, ओढा, पाणंद असलं काही आलं की पेन खाली ठेवायचं.

माझी सवय सांगतो, हिला शास्त्र म्हणू नका. जागेवर दोन बाय दोन फुटांचा, दोन फूट खोल खड्डा काढायचा, संध्याकाळी काठोकाठ भरायचा आणि सकाळी जाऊन बघायचं. पाणी तसंच असेल तर वर काहीही लावा, ते तरंगणारच. मग गल्लीतल्या पोरांकडून गेल्या पावसाळ्याचे मोबाईलमधले फोटो मागायचे, ते जमिनीचा उतार मोजायच्या लेव्हल मशीनपेक्षा खरं बोलतात. आणि ज्या घराचा उंबरा सगळ्यांत खाली त्या घरी पहिला चहा प्यायचा.

नदीकडच्या भागात याच चुकीचा मोठा भाऊ भेटतो. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, पक्कं बांधकाम चालत नाही. बाग, मैदान चालतं. म्हणून बागा तिकडं ढकलल्या जातात, ते ठीकच आहे. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. तरीही मी तिथं रबराच्या फरशा बसवलेल्या बघितल्यात. पूर ओसरल्यावर त्यातली एक फरशी समोरच्या बाभळीत अडकलेली होती. अशा जागी लाईटचा पॅनेल खांबावर उंच ठेवा, खेळणी जाड पाइपाची आणि खोल पायाची घ्या, जमिनीला मुरूम आणि वाळू. गाळ आला तर फावड्यानं ओढता आला पाहिजे.

दिसेल ती जागा भरून टाकणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. एका ठिकाणी साठ बाय चाळीस फुटांचा तुकडा होता. दोन विटांचा गोल करून पोरं प्लॅस्टिकच्या बॉलवर फुटबॉल खेळायची. या गावात फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला नको. तालमींच्या, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, आणि त्या स्टेडियमवर खेळणारा प्रत्येक जण कधी ना कधी अशाच विटांमध्ये खेळलेला असतो. तिथं काय काय आलं? ओपन जिमची आठ मशीन, सहा बाक, एक छत्री, सेल्फी पॉइंट आणि हिरवळ. पोरं कुठं जाणार? ती मशीनच्या मधनं खेळत राहिली. एकाची भुवई लोखंडावर फुटली, चार टाके पडले. मग फलक लागला, "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे." खेळायच्या जागेवर. तो फलक मी स्वतः वाचलाय, आणि खाली उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर बावीस नावं आहेत.

ओपन जिमला माझा विरोध नाही. पहाटे चालायला येणारी म्हातारी माणसं ती वापरतात, दोन-तीन मशीन पुरतात. पण ती यादी बघून मागवली जातात, कारण मोजायला सोपी असतात. मोकळ्या जागेचं बिल निघत नाही ना.

मी आता कागदावर सगळ्यांत आधी एकच चौकोन काढतो: जागेत बसणारा सगळ्यांत मोठा रिकामा चौकोन. त्याच्यात काहीही घालायचं नाही. बाक, झाड, खांब, नळ, सगळं कडेला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या वास्तुविशारदानं १९४७ पासून पुढची तीसेक वर्षं महापालिकेसाठी सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या, त्यातल्या कितीतरी युद्धानंतर पडून राहिलेल्या, घरांच्या मधल्या तुकड्यांवर. सामान काय? वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, वाकवलेल्या लोखंडी नळ्यांच्या कमानी. बास. पोरांनी काय खेळायचं ते त्यानं पोरांवर सोडलं. आमच्याकडं हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी लागते.

आता यात एक गोची आहे, ती लपवत नाही. मोठा चौकोन मोकळा ठेवला की तो पोरांचा होतो, पोरींचा नाही. व्हिएन्नात १९९० च्या दशकात हीच गोष्ट पाहणीत दिसली होती: नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात. मग तिथं दोन बागांत एकसंध मैदानाचे भाग पाडले, वाटा आणि बसायच्या जागा वाढवल्या, तेव्हा मुली परत आल्या. आमच्या त्या साठ बाय चाळीसच्या जागेशेजारी राहणाऱ्या आठवीतल्या मुलीला मी विचारलं, तू कुठं खेळतेस? म्हणाली, "मी कुठं खेळतो? कट्ट्यावर पोरं असत्यात, मी जिन्यात बसतो." (बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडं पोरीही 'बसतो'च म्हणतात.) माझ्याकडं याचं उत्तर अर्धंच आहे. जागेला दोन दारं ठेवायची, म्हणजे एका दारात टोळकं उभं असलं तरी दुसरीकडनं येता-जाता येतं. आणि एक बसायचा कोपरा चौकोनापासून तोडून, दुकानाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या नजरेसमोर करायचा. साठ बाय चाळीसमध्ये याच्यापुढं मला जमलेलं नाही.

कोंडाळं उचललं म्हणजे कचरा संपला असं समजणं

रात्री लोक सवयीनं तिथंच पिशवी टाकतात, फक्त आता ती तुमच्या जास्वंदीवर पडते. काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी कचरा न्यायला येणाऱ्या टिप्परची वेळ गल्लीशी जुळवून घ्या. सकाळी साडेसातला कामावर जाणाऱ्या बाईच्या दारात टिप्पर नऊला येत असेल तर ती पिशवी टाकणारच, आणि तिला भाषण देणाऱ्यानं आधी एक दिवस तिच्या घरचं करून बघावं.

मंडप विसरणं

गणपती येणार, शिवजयंती येणार, कुणाचं तरी बारसं येणार. तुम्ही सोय केली नाही तर वासे पेव्हिंग ब्लॉक उखडून रोवले जातील आणि ते ब्लॉक परत जागेवर बसणार नाहीत. मंडळाच्या पोरांना शिव्या घालण्यापेक्षा त्यांना बोलवा, मंडप कसा पडतो ते खडूनं जमिनीवर आखून घ्या आणि त्या जागी झाकणाचे लोखंडी पाइप आधीच गाडून टाका. मंडपवाला तुम्हाला कुठल्याही इंजिनिअरपेक्षा अचूक मापं सांगतो. विजेची जोडणीही तिथंच एक द्या, नाहीतर दिव्याच्या खांबाचं झाकण उघडंच राहील. हे मी सहा ठिकाणी केलंय. एकाही ठिकाणी फरशी उखडलेली नाही. एका ठिकाणी मात्र पाइपात पोरांनी गोट्या भरून ठेवल्या होत्या.

बाकीच्या, भराभर

कोनोकार्पस लावू नका. नर्सरीवाला भरभर वाढतं म्हणून गळ्यात मारतो. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. करंज लावा, बकुळ लावा आणि पाच वर्षं दम धरा.

झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक आणू नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला लावलं होतं. इथं पिंपळाला गळफास लावल्यासारखा कट्टा बांधतात आणि वर रंग देतात.

हिरवळ नको. एप्रिलमध्ये घरात प्यायला पाणी नसताना गवतावर पाइप सोडलेला दिसला की भांडणं होतात, आणि ती रास्त असतात.

रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांत बसवलेला रॅम्प हा रॅम्प नव्हे, मोटारसायकल आत घालायची सोय आहे.

स्टीलचे बाक दुपारी भाजतात. दगडाचे, पाठ असलेले, झाडाच्या पूर्वेला ठेवा, म्हणजे दुपारनंतर सावली त्यांच्यावर येते.

दिवा एकच उंच हायमास्ट नको, त्याच्याखाली लख्ख आणि पाच पावलांवर काळोख. कमी उंचीचे चार ठेवा, आणि समोरच्या खिडकीत झोपलेल्या माणसाचाही विचार करा.

पिण्याच्या पाण्याचा नळ द्या. संडासाचा विषय निघाला की मीटिंगमध्ये सगळे चहा मागवतात, तरी काढा.

कुंपण आणि कुलूप हे बहुतेक वेळा आळशीपणाचं लक्षण असतं. चावी ज्याच्याकडं, बाग त्याची.

आणि व्हॉल्व्ह. नव्या बागेतली झाडं पहिल्या उन्हाळ्यात मरतात ती पाण्याची लाइन नसल्यामुळं नव्हे, तर व्हॉल्व्हची चावी कुठल्या खिशात गेली हे कुणालाच माहीत नसल्यामुळं. म्हणून मी ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत, जिथं स्केल आणि तारीख असते, तिथं एक रकाना वाढवलाय: चावी कुणाकडं. ठेकेदार हसतात. आता फेब्रुवारीत फोन आला की जागेच्या मापाआधी मी तेच विचारतो. समोरचा "बघू की" म्हणाला, तर मीही "बघू की" म्हणून फोन ठेवतो.