बीचवर वेगळाच दगड सापडला? ओळखताना या चुका टाळा

बीचवर एखादा खडा नजरेत भरतो, आपण तो उचलतो, तिथेच फोटो काढतो आणि विचारत सुटतो की हा कुठला दगड, पण फोटोत तो ओला असतो ना. ओला दगड गडद आणि चकचकीत दिसतो, वाळला की तोच एकदम फिका पडतो. गोड्या पाण्याने धुवा, रात्रभर वाळू द्या, मग बघा.

रंगावरून नाव ठरवू नका प्लीज, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. साधी गारगोटी पांढरी, गुलाबी, जांभळी, धुरकट, गंजामुळे पिवळी, कशीही असू शकते. त्यापेक्षा कठीणपणा बघा. मोह्स या खनिजतज्ज्ञाने 1812 मध्ये केलेली कठीणपणाची 1 (सगळ्यात मऊ) ते 10 ची स्केल आजही कामाला येते, कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) 3, स्टीलची सुरी साधारण साडेपाच, गारगोटी 7. सुरी ओढल्यावर रेघ दिसली की लोक म्हणतात ओरखडा पडला, पण आधी अंगठ्याने घासून बघा, रेघ पुसली गेली तर तो सुरीचाच धातू दगडाला लागलाय, म्हणजे दगड सुरीपेक्षा कठीण आहे. जीवाश्म असेल असं वाटलं तर मात्र सुरी लावूच नका.

व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले म्हणजे चुनखडी, हे बहुतेक वेळा बरोबर आहे, पण बऱ्याचदा दगडाला शिंपल्याचे बारीक कण किंवा समुद्री किड्यांचा पांढरा थर चिकटलेला असतो आणि फसफसतो तोच. स्वच्छ जागेवर थेंब टाका.

आता उल्का. मला एकदा काळा, जड, गुळगुळीत गोटा मिळाला, चुंबक टच्चकन चिकटलं आणि मी दोन दिवस हवेत होतो. मग भिंगातून पाहिलं तर एका कडेला सुईच्या टोकाएवढी गोल गोल भोकं, आतून काचेसारखी चकाकणारी. ती वायूच्या बुडबुड्यांची भोकं, म्हणजे स्लॅग, भट्टीत धातू गाळल्यावर उरणारा मळ. उल्केत अशी भोकं जवळपास नसतातच, आणि चुंबक तर मॅग्नेटाइट या लोहखनिजालाही चिकटतं.

हातात "जड वाटतो" यावर जाऊ नका, मोजा. आधी कोरड्या दगडाचं वजन घ्या. मग किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आता काट्यावर जे ग्रॅम दिसतात तेवढे घनसेंटीमीटर दगडाचं आकारमान. वजनाला त्याने भागा. 53 ला 20 ने भागलं तर 2.65, ही गारगोटीची घनता. मॅग्नेटाइट 5 च्या वर जातो. हलका दगड तरंगला तर प्युमिस (ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड) असेल किंवा जळून गोळा झालेलं प्लास्टिक, ते हुबेहूब दगडासारखं दिसतं.

एक चूक जिवावर बेतू शकते, म्हणून कळकळीने सांगतो. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर पिवळा खडा अंबर (झाडाच्या चिकाचा जीवाश्म) समजून खिशात टाकू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस तिथे वाहून येतो, दिसायला तसाच, ओला असेपर्यंत शांत, आणि वाळून अंगाच्या उबेने पेट घेतो, लोक गंभीर भाजलेत. असं काही घ्यायचंच असेल तर धातूच्या डब्यात ठेवा, अंगापासून लांब.

आणि कुणा जाणकाराला विचारताना फक्त क्लोजअप पाठवू नका, आसपासच्या दगडांचाही फोटो द्या, तसेच शंभर पडलेत की हा एकटाच आहे, यावरून अर्धं काम होतं.