ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस एका बाजूने तपकिरी पडत होता, शेवटी थांबला (माझा अनुभव)

न्यू जर्सीत आमच्या दाराशी ३ फुटी ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस (सुईसारख्या पानांचं, शंकूच्या आकाराचं बुटकं सदाहरित झाड) आहे, तो भिंतीकडच्या बाजूने आतून बाहेर असा तपकिरी व्हायला लागला. पाणी वाढवलं, खत दिलं, काही नाही, दोन वर्षं नुसता वैताग.

आधी झाड स्प्रूसच आहे ना बघा: पान एकेकटं, सुईसारखं, चार कडांचं, म्हणून चिमटीत सहज फिरतं, फरचं (स्प्रूससारखंच दिसणारं दुसरं झाड) चपटं पान फिरत नाही. स्प्रूसला माइट (पानांचा रस शोषणारा, कोळ्याच्या जातीचा अगदी बारीक जीव) लागतो आणि हा माइट भर उन्हाळ्यात नाही, स्प्रिंग आणि फॉलच्या गारव्यात वाढतो, मी जुलैत शोधत होतो म्हणून सापडला नाही.

एप्रिलमध्ये फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकली, बारीक टिंबं चालायला लागली. मग सकाळी नळीचा जोरदार फवारा खालून वर, पार आतपर्यंत, दर ४ दिवसांनी, ५ वेळा, आणि दर वेळी परत कागद. शेवटी कागद कोरा राहिला तेव्हा आत अडकलेली सुकी पानं हाताने काढली.

जूनपर्यंत नवे कोंब टिकले. उघड्या पडलेल्या जुन्या काड्यांवर मात्र पानं येत नाहीत, शेजारच्या फांद्या वाढून झाकतात आणि वाढ वर्षाला २-४ इंचच, तेव्हा धीर धरा.