परसबागेत बदके पाळताना

बदके आणि भाजीपाला एकाच आवारात सुखाने नांदू शकतात. मात्र बदकांना वाफ्यांत केव्हा सोडायचे, हे पिकाची वाढ पाहूनच ठरवावे. कोवळी रोपे ती उपटून खातात किंवा पायांखाली तुडवतात, म्हणून रोपांनी घट्ट मूळ धरेपर्यंत वाफ्यांभोवती दोन फूट उंचीची जाळी ठेवावी. पुढे सकाळी तासभर मोकळे सोडले, की ती पानांखालच्या गोगलगायी आणि अळ्या नेमक्या वेचून काढतात.

तळे नसले तरी चालते. परंतु पाण्याचे भांडे इतके खोल हवे, की डोके बुडवून त्यांना नाकपुड्या व डोळे धुता येतील. हे पाणी लवकर गढूळ होते. ते वाया न घालवता फळझाडांच्या आळ्यांत ओतावे, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर कदापि नाही, कारण विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. विष्ठा भुशासह पूर्ण कुजवून मगच खत म्हणून वापरणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात, त्यामुळे खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरल्या जाणाऱ्या यीस्टची नायसिनयुक्त भुकटी) मिसळावे. रात्री सर्वांना बंद, हवेशीर खुराड्यात कोरड्या भुशावर ठेवावे.