सौंदर्योपचार क्लिनिकमधील नोकरी स्वीकारण्यापूर्वी परिचारिकेने काय तपासावे

लेझर, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन) आणि केशरोपण करणाऱ्या क्लिनिकच्या शाखा पुण्या-मुंबईत वाढल्या, तशी जीएनएम (नर्सिंग पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना रुग्णालयाबाहेरची एक वाट मिळाली. रात्रपाळी नसल्याने ही नोकरी हवीशी वाटते. मात्र येथे रुग्ण ‘क्लाएंट’ असतो आणि उपचार ‘पॅकेज’ म्हणून विकला जातो, म्हणून मुलाखतीत पगाराच्या आकड्याआधी तो पगार कशावर अवलंबून आहे हे विचारावे.

नियुक्तिपत्रात मूळ वेतन आणि इन्सेंटिव्ह वेगवेगळे लिहिलेले असावेत; ‘हातात एवढे पडतील’ हे तोंडी आश्वासन बहुधा टार्गेट पूर्ण झाल्यावरचे असते. क्लाएंटने पैसे परत मागितल्यास दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापला जातो का, हेही लेखी घ्यावे. ‘आमच्या शाखेत पाचच जण आहेत, पीएफ लागत नाही’ हे उत्तर मान्य करू नये, कारण पीएफसाठीची २० कर्मचाऱ्यांची अट मोजताना एकाच कंपनीच्या सर्व शाखा धरल्या जातात. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट असेल, तर साक्षांकित प्रती देऊन थांबावे.

खरी अडचण उपचाराच्या खोलीत सुरू होते. काउन्सेलर, म्हणजे पॅकेज विकणारा कर्मचारी, काउंटरवर हप्ते ठरवून घेतो, त्याच घाईत संमतिपत्रावर सही होते आणि ते पत्र परिचारिकेच्या हाती येते तेव्हा डॉक्टरांच्या सहीची चौकट कोरी असते. अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये. महिनाअखेरीस, टार्गेट अपुरे असताना, हा दबाव सर्वाधिक असतो. समजा, सुट्टीवरून उन्हात रापून आलेली क्लाएंट लेझरने केस काढण्याच्या सिटिंगसाठी आली, तर रापलेली त्वचा लेझरची ऊर्जा स्वतःच शोषून घेते आणि भाजण्याचा किंवा काळे डाग पडण्याचा धोका वाढतो; सिटिंग पुढे ढकलणे हाच योग्य निर्णय असतो. तो निर्णय डॉक्टरांचा, की शाखा व्यवस्थापकाचा, हे रुजू होण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तेच उत्तर समजावे.

केशरोपणाबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून शस्त्रक्रियेची जबाबदारी पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांवर ठेवली आहे. साहाय्यकांनी त्यांच्या देखरेखीखाली काम करावयाचे आहे. म्हणून ‘सर येतीलच, तुम्ही सुरू करा’ या सूचनेवर भूल देणे किंवा छेद घेणे टाळावे. काही बिघडले, तर काउन्सेलरकडे गमावण्यासारखी नोंदणी नसते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी तुमच्या नावावर असते.

शक्य असल्यास एक दिवस प्रत्यक्ष काम पाहावे. लेझरचा चष्मा त्या यंत्राच्या तरंगलांबीसाठीच बनवलेला लागतो. डायोड लेझरचा चष्मा एनडी-यॅग या दुसऱ्या प्रकारच्या लेझरला चालेलच असे नाही, त्यामुळे चष्म्यावर छापलेले आकडे यंत्राशी ताडून पाहावेत. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात का, हिपॅटायटिस-बीची लस कोण देते आणि सुई टोचल्यास कोणत्या रुग्णालयात पाठवतात, हेही विचारावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. फिलर (त्वचेखाली टोचायचे भराव द्रव्य) देणाऱ्या क्लिनिकमध्ये हायल्युरोनिडेज (हायल्युरोनिक आम्लाचे फिलर विरघळवणारे औषध) आणि तीव्र अ‍ॅलर्जीवरचे अ‍ॅड्रेनॅलिन कपाटात आहेत का आणि त्यांची मुदत संपलेली तर नाही ना, हे स्वतः पाहावे.

व्यवस्थापकाच्या तोंडी सूचनेबद्दल शंका वाटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना संदेश पाठवून लेखी उत्तर घ्यावे, मात्र त्यात क्लाएंटचे छायाचित्र किंवा नाव घालू नये.

शेवटी पदनाम तपासावे. पत्रात ‘स्किन थेरपिस्ट’ किंवा ‘क्लिनिक एक्झिक्युटिव्ह’ लिहिले असेल, तर पुढे रुग्णालयात परतताना हा काळ परिचर्येचा अनुभव म्हणून धरला जाण्यात अडचण येऊ शकते. ‘स्टाफ नर्स’ असे लिहून घेतल्यावरच सही करावी.