बाळहिरड्याचा प्लॅन करताय? या चुका टाळा

पुण्यातून आंबेगाव-जुन्नरकडे वनउपजाचं काम करायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितोय. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वकील, इकॉनॉमिक्सवाला आणि बॉटनीवाला वेगवेगळे बसवायचे, तीन रिपोर्ट करून घ्यायचे आणि शेवटी एकत्र स्टेपल मारायचे. खरं तर तिघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात.

बाळहिरडाच बघा ना. बाळहिरडा म्हणजे हिरड्याच्या झाडाचं बी धरायच्या आधी तोडलेलं कोवळं हिरवं फळ, अंगणात उन्हाला टाकलं की सुरकुततं, काळं पडतं आणि पार टणक होतं. पिकल्या हिरड्यापेक्षा याला भाव जास्त, मग झाडावर पिकायला ठेवणार कोण, आणि सगळं कोवळंच उतरवलं तर बी येणार कुठून?

म्हणून 'भाव वाढवून द्या, जंगल आपोआप टिकेल' हे म्हणू नका. भाव मिळायलाच हवा, पेरणीआधी घरात येणारा रोख पैसा आहे तो. पण नुसता भाव वाढला तर फांदीसकट ओरबाडणं वाढतं. वाडीने मिळून काही झाडं बियांसाठी राखायची आणि ज्याच्या वाट्याची झाडं राखली त्याची भरपाई सगळ्यांच्या विक्रीतून करायची, ही भरपाई आधी ठरवा, नाहीतर कोणीतरी पहाटेच तोडून नेतं आणि त्याला दोषही देता येत नाही.

कायद्यात गडबड होते ती अशी, की २००६ चा वनहक्क कायदा गौण वनउपज (लाकूड सोडून झाडापासून मिळणारा माल) गोळा करून विकायचा हक्क देतो तसाच सामूहिक वन राखायचा, पुन्हा वाढवायचा हक्कही देतो, पण दावा करताना लोक पहिल्यावरच थांबतात. दुसराही मागा आणि राखलेल्या झाडांचा नियम ग्रामसभेच्या ठरावात घ्या. मालकीच्या जमिनीवरच्या झाडांना हा कायदा लागत नाही, तिथे मालकाशीच बोलायचं.

कायदा आणि निसर्ग वेगवेगळे बघितले की काय होतं, ते पुण्यात बोअरच्या पाण्यात दिसतं. १८८२ चा सुखाधिकार कायदा (ईझमेंट्स ॲक्ट) जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं पाणी उपसू देतो, पण खालच्या बेसाल्ट खडकाच्या भेगा सोसायटीच्या कंपाउंडपाशी संपत नाहीत, शेजारच्याने खोल ओढलं की आपलं आटतं.

प्लॅन फसतोय असं वाटलं तर पावसाळ्यानंतर राखलेल्या झाडांखालचा पालापाचोळा हाताने बाजूला करून बघा. सलग दोन-तीन वर्षं रोपच नसेल तर बहुधा बी पडतच नाहीये, राखण कमी पडतीय. रोपं आली पण उन्हाळ्यात गायब झाली तर वणवा आणि शेळ्या बघा, तिथे ठराव बदलून काही होणार नाही, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढा आणि चराईचं गुराख्यांसोबत बसून ठरवा.