मोठ्या माशाआधी ड्रॅग समजून घ्या: बोटीवरून गरवू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

जेटीवर किंवा खाडीच्या मुखाशी गरवण्याचा हात बसलेला माणूस मालवण, देवगड किंवा रत्नागिरीहून बोटीने २० वाव, म्हणजे सुमारे १२० फूट खोल पाण्यात जातो, तेव्हा त्याचे कौशल्य वाया जात नाही. मात्र साहित्याविषयीच्या त्याच्या बहुतेक समजुती तिथे कोलमडतात. दीड-दोन किलोचा तांबोसा हाताच्या अंदाजाने आवरता येतो. खडपावरचा, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ जागेवरचा मोठा गोब्रा, सुसाट पळणारा कुपा किंवा अंगाने भरलेला सकला मात्र अंदाजाला जागा ठेवत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की मोठ्या माशासाठी साहित्य निवडताना रॉडपासून सुरुवात करू नये. मासा किती किलोच्या ताणाने थोपवायचा, म्हणजे रिळाचा ड्रॅग किती किलोच्या ताणाला लाइन सोडू लागेल, हे आधी ठरवावे आणि लाइन, लीडर (लाइन आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा), गळ, रॉड व रीळ ही सर्व त्या एका आकड्यावरून निवडावीत.

आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर नवोदिताने चार पद्धती ओळखाव्यात. चालत्या बोटीमागे आमिष ओढण्याची ट्रोलिंगची पद्धत सुरमईसाठी सर्वांत सोपी आहे. डुबी मारणारी कृत्रिम आमिषे साधारण ५ ते ७ नॉट वेगाला नीट चालतात, आणि आमिष नीट चालते आहे की एका अंगावर पडून घसटत येते आहे, हे रॉडच्या टोकाच्या थरथरीवरून कळते. जिगिंगमध्ये जिग, म्हणजे शिशाचे जड आमिष तळापर्यंत सोडून उचलत आणायचे असते. ४० मीटर पाण्यात ओढ कमी असेल तर ८० ते १०० ग्रॅमचा जिग पुरतो, पण उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत त्याच जागी १५० ते २०० ग्रॅमही हलका वाटू लागतो, म्हणून सुरुवात भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत करणे शहाणपणाचे ठरते. पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारे कृत्रिम आमिष फेकून पृष्ठभागावर जायंट ट्रेव्हलीला, म्हणजे गरवणाऱ्यांच्या बोलण्यातल्या जीटीला, चिथवणे हा सर्वांत थकवणारा प्रकार आहे. पुण्या-मुंबईची मंडळी त्यासाठी अंदमानपर्यंत जातात, आणि माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी कोणीही ते करू नये. उरली चौथी पद्धत, जिवंत बांगडा गळाला लावून सोडण्याची. ती जुनी आहे आणि आजही सर्वांत भरवशाची आहे. तिला कमी लेखणाऱ्या माणसाकडून काही शिकण्यासारखे असेल असे मला वाटत नाही.

आता ज्या सापळ्यात मी स्वतः अडकलो होतो आणि ज्यात अजूनही बहुतेक नवे लोक अडकताना पाहतो, त्याविषयी सविस्तर लिहितो. रिळाच्या खोक्यावर कमाल ड्रॅग १५ किलो किंवा २० किलो असे छापलेले असते. तो आकडा त्या रिळाची कमाल क्षमता सांगतो. आपण कोणत्या ताणावर गरवत आहोत हे तो सांगत नाही. आपला ताण रिळावरचा ड्रॅगचा नॉब किती आवळला आहे त्यावर ठरतो, आणि तो बोटांनी लाइन ओढून कळत नाही. हाताला पाच किलो वाटणारा ताण काट्यावर तीन भरतो, कधी आठही भरतो. म्हणून बाजारात मासळी किंवा भाजी तोलायला वापरतात तसला स्प्रिंगचा काटा विकत घ्यावा. लाइन रॉडच्या सर्व कड्यांतून ओवून काट्याला बांधावी, रॉड साधारण ४५ अंशांत धरावा, दुसऱ्या माणसाला काटा सरळ आणि सावकाश ओढायला सांगावे आणि लाइन सुटू लागते त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचावे. रॉड वाकला की कड्यांशी घर्षण वाढते आणि ताणही वाढतो, म्हणूनच नुसत्या रिळातून थेट ओढून घेतलेले माप अपुरे असते.

हा आकडा किती ठेवायचा याचा सर्वमान्य हिशेब लाइनच्या तुटण्याच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असा आहे. ५० पौंडांची लाइन म्हणजे सुमारे २३ किलो. तिच्यावर ६ ते ७ किलो ड्रॅग पुष्कळ झाला. नवख्याला हे फार कमी वाटते, कारण त्याच्या मनात लाइनचे २३ किलो आणि खोक्यावरचे १५ किलो घोळत असतात. त्याने रॉड हातात धरून दुसऱ्याला काट्यावर ७ किलोपर्यंत ओढायला लावावे, आणि तेही डोलत्या बोटीत आपण किती वेळ उभे राहू शकू याचा विचार करत. तो ताण पाठीला आणि मनगटाला काय करतो हे एकदा कळले की मोठ्या आकड्यांची हाव आपोआप ओसरते.

खरा सापळा यापुढे आहे. ड्रॅगच्या चकत्या स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या रिळाच्या भागाच्या फिरण्याला जो विरोध करतात तो तेवढाच राहतो, पण मासा लाइन ओढून नेऊ लागला की स्पूलवरचा साठा कमी होतो आणि लाइन ज्या त्रिज्येवरून स्पूल फिरवते ती लहान होत जाते. विरोध तोच आणि त्रिज्या लहान, म्हणजे लाइनवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ७ सेंटिमीटर असताना ७ किलोवर लावलेला ड्रॅग, साठा उतरून व्यास ५ सेंटिमीटर झाल्यावर जवळपास १० किलोचा होतो, आणि तेही नॉबला कोणी बोट न लावता. त्यातच पाण्यात लांबवर पसरलेल्या आणि बाक आलेल्या लाइनला पाण्याचा जो अडथळा होतो तो वेगळा. म्हणजे मासा जितका दूर, तितका खरा ताण जास्त. नेमक्या त्याच वेळी स्पूलचा तळ दिसू लागल्याने आपण घाबरतो, बोटीवरची मंडळी ‘आवळ, आवळ’ म्हणून ओरडतात आणि आपण नॉब फिरवतो. देवगडबाहेर मी हेच केले आणि लाइन लीडरच्या गाठीशी तुटली. बरेच दिवस मी त्या लाइनच्या दर्जाला दोष देत होतो. लाइनमध्ये दोष नव्हता. लांब धावलेल्या माशासाठी ड्रॅग आहे तसा ठेवावा, फार तर किंचित सैल करावा, आणि बोटवाल्याला माशाच्या दिशेने बोट न्यायला सांगावे. स्पूलवर पुन्हा लाइन भरली की ताण आपोआप मूळ आकड्यावर येतो.

याला अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा आहे. खडपावरचा गोब्रा किंवा जीटी पहिल्या काही मीटरांतच कपारीत शिरतो, त्यामुळे तिथे सैल ड्रॅग म्हणजे घासून तुटलेली लाइन. पण त्यावरचा उपाय धावत्या माशावर नॉब आवळणे हा नव्हे. तिथे मुळातच जाड लाइन, जाड लीडर आणि काट्यावर मोजून आधीच वाढवलेला ड्रॅग घेऊन उतरावे लागते, आणि मासा लागताच बोट खडपापासून दूर घेणारा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा जाणकार, सोबत असावा लागतो. हे जमत नसेल तर खडप सोडून मोकळ्या पाण्यात गरवावे. त्यात कमीपणा काही नाही.

आकडा एकदा पक्का झाला की बाकीची निवड सोपी होते, घाबरू नका. ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेल्या लाइनवर पीई ३, पीई ५ असे लिहिलेले असते. जपानी पद्धतीत तो आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही, त्यामुळे एकाच पीई क्रमांकाच्या दोन कंपन्यांच्या लाइनची ताकद वेगळी असू शकते आणि पौंडांचा आकडा स्वतंत्रपणे वाचावा लागतो. माझा अनुभव असा की सुरमई आणि मध्यम जिगिंगसाठी पीई ३, तर खडपाजवळ पीई ५ किंवा त्याहून जाड लाइन लागते. ब्रेडेड लाइन ताणली जात नाही आणि खडकावर घासली की लगेच कापते, म्हणून पुढे तंगुसाचा किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर हवाच. सुरमईचे दात दोन्हींना जुमानत नाहीत. तिच्यासाठी गळाआधी वीतभर पोलादी तार लावावी, आणि तारेमुळे चावे कमी होतात अशी तक्रार करणाऱ्यांनी गमावलेल्या आमिषांची किंमतही हिशेबात धरावी. लाइन आणि लीडर जोडणारी एफजी गाठ घरी बसून, ओली करून, पूर्ण ताकदीने ओढून तपासावी. बोटीवर, वाऱ्यात आणि उलटीच्या भीतीत ती पहिल्यांदा बांधायला घेणे हा निव्वळ अविचार आहे. गळ आणि जोडकडी यांच्याकडे तर कोणी पाहतच नाही. मोठ्या माशाने पातळ तारेचा गळ सरळ केला तर महागड्या रिळाचा काहीही उपयोग होत नाही. जिवंत आमिषासाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ वापरावा, आणि मासा लागताच झटका देण्याची सवय तेवढ्यापुरती सोडावी, कारण तो गळ लाइन सावकाश ताणली गेल्यावर जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

रिळांचे ८०००, १०,०००, १४,००० हे क्रमांक कंपनीनुसार बदलतात, तेव्हा क्रमांकापेक्षा तुमच्या जाडीची किमान ३०० मीटर लाइन मावते का हे पाहावे. मधल्या किमतीचे, सुटे भाग मिळणारे आणि ड्रॅग न अडखळता सुटणारे रीळ पहिल्यांदा पुरेसे असते. ड्रॅग सुटताना झटका बसत असेल, म्हणजे आधी अडकून मग एकदम घसरत असेल, तर काट्यावर कितीही छान आकडा येत असला तरी ते रीळ परत करावे. पहिल्या झटक्यालाच गाठी तुटतात. रॉड, रीळ आणि लाइन एकत्र बांधून विकले जाणारे तयार संच मोठ्या माशासाठी घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यातली लाइन जवळजवळ नेहमीच सर्वांत हलक्या दर्जाची असते.

गुरूच्या बाबतीतही मी हट्टी आहे. चित्रफिती पाहून गाठी शिकता येतात, समुद्र शिकता येत नाही. ‘मासा नक्की मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा, आज मतलई (जमिनीकडून येणारा पहाटेचा वारा) लवकर पडेल आणि दुपारी वायव्येचा वारा उठेल म्हणून पहाटेच निघू, असे सांगणारा तांडेल कितीतरी मोलाचा आहे. तो वावांत बोलेल, तुम्ही मीटरमध्ये विचार कराल. एक वाव म्हणजे सहा फूट हे लक्षात ठेवले की पुरते. त्याच्याशी भाडे आधी ठरवावे, खडप कुठल्या बाजूला आहे हे विचारावे आणि त्याने दाखवलेली जागा जीपीएसवर नोंदवून चारचौघांत वाटू नये. ती जागा त्याच्या पोटापाण्याची आहे.

मासा लागल्यावर दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवू नये. लाइन आत येत नाही, उलट स्पिनिंग रिळात प्रत्येक फेरीला लाइनला पीळ पडत जातो आणि पुढच्या फेकीला तिचा गुंता होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मासा बोटीखाली आल्यावर रॉड छातीकडे उभा ओढू नये. कार्बनचा रॉड तिथे टोकाकडून तुटतो आणि त्याची चूक विक्रेत्याची नसते. रॉड आडवा ठेवावा, हळूहळू उचलावा आणि खाली नेताना गुंडाळावे. ताण असताना लाइन हाताभोवती कधीही वेढू नये. ब्रेडेड लाइन बोट कापते, हातमोजे असले तरीही.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात कोणी बोट देऊ केली तरी नकार द्यावा. मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात गरवू नये. निघण्याआधी इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा, लाइफ जॅकेट अंगात घालावे आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक बोटीवरील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. सोडून द्यायचा मासा असेल तर हे ध्यानात ठेवावे की खोलातून झपाट्याने वर आणलेल्या गोब्र्याची हवेची पिशवी फुगते आणि तो आपल्या बळावर खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे पोटापुरते मासे मिळाल्यावर खोल खडपावर ‘सोडण्यासाठी’ म्हणून गरवत राहू नये.

घरी परतल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. धुताना ड्रॅग आवळलेला असावा म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि रीळ वाळल्यावर तो पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळू लागतो. त्यामुळे पुढच्या खेपेला निघताना काट्यावरचे माप पुन्हा नव्याने घ्यावे लागेल.