सेल्फ फिरतो, पण पिकअप चालू होत नाही: पाना घेण्याआधी धूर बघा

पहाटे माल भरून मोंढ्याकडे निघायची वेळ आणि सेल्फ नुसताच फिरतोय, अशा घाईत पहिला पाना बहुतेक वेळा इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाला लागतो. खर्च तिथूनच वाढतो. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. हवा दाबून तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की ते पेटतं. म्हणून डिझेल आत पोहोचतंय का, हे आधी ठरवा.

एकाला सेल्फ मारायला सांगा आणि टॉर्च घेऊन सायलेन्सरपाशी थांबा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल, तर पोहोचतंय पण पेटत नाही. काळा धूर असेल, तर आधी एअर फिल्टर काढून बघा. फुफाट्याच्या रस्त्यावर तो लवकर भरतो.

आवाजही ऐका. चांगलं इंजिन अडत अडत, ठेक्यात फिरतं. ठेका न लागता एकसारखं, नेहमीपेक्षा हलकं आणि वेगात फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची शंका घ्या आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवा. फिरणं जड असेल तर बॅटरीला मल्टीमीटर लावा: उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना 10 च्या खाली जायला नको. बॅटरीचं व्होल्टेज टिकूनही फिरणं जडच असेल, तर तिचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा.

धूर नाही, तर टाकीपासून निघा. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीत डिझेल खरंच आहे का बघा. किल्ली ऑन केल्यावर इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली लावा. फ्यूज तपासा, आणि गाडी जिनिंगमध्ये किंवा गोदामात उभी असते तर वायरिंगही. उंदीर हमखास कुरतडतात. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) 'टक्' आवाज यायला हवा. नसेल तर त्याच्या वायरवर 12 व्होल्ट येतात का बघा.

यानंतर डिझेल फिल्टर. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. शेतात पावसात पडलेल्या ड्रममधून, कॅनमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकीही उतरवून धुवावी लागते.

पाणी नाही, पण फिल्टरवरचा हातपंप कितीही दाबला तरी कडक होत नाही? मग लाईनने एअर घेतली आहे. फिल्टरवरच्या एअर स्क्रूखाली (अडकलेली हवा काढायच्या स्क्रूखाली) फडका धरा, स्क्रू एक फेरा सैल करा आणि पंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. सेल्फ एका वेळी 15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा.

गाडी चालू होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर एअर कुठून शिरते ते शोधायलाच हवं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फिल्टरच्या इनलेटला थेट पाइप जोडा. असं केल्यावर गाडी नीट चालू होत राहिली, तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे: उन्हाने तडकलेला रबरी पाइप, ढिली क्लिप किंवा बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) जुनाच लावलेला तांब्याचा वायसर. बाहेर थेंबही गळत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बरेच जण इथेच फसतात.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच हायप्रेशर नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, यापुढे स्कॅनर लागतो. सेल्फ मारताना रेल प्रेशर साधारण 200 ते 300 बारच्या वर चढलं नाही, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर इंजिनचे फेरे शून्य दिसले तर फेरे मोजणारा क्रँक सेन्सर आणि त्याची वायर बघा. थंड असताना चालू होणारी आणि मे महिन्यात तापल्यावर अडणारी गाडी बहुधा इंजेक्टरच्या रिटर्नमुळे (टाकीकडे परत जाणाऱ्या जास्तीच्या डिझेलमुळे) अडते. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावा. जी बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरते, तो इंजेक्टर झिजला. रेलचा हायप्रेशर पाइप मात्र सेल्फ मारताना कधीही सैल करू नका. ती धार कातडी फोडून आत जाते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

पांढरा धूर येत असेल आणि परभणीकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, फक्त सकाळीच त्रास असेल, तर हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) तपासा. वायर काढून प्लगचं टोक ते इंजिन असा रेझिस्टन्स घ्या. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. सगळे प्लग चांगले निघाले तर त्यांचा रिले आणि फ्यूज बघा. हीटर प्लगच्या गाडीत इथरचा (इंजिन झटकन पेटावं म्हणून मारतात तो) स्प्रे मारू नका: तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि रिंगा, पिस्टन फोडतो.